धनेशाच्या ढोली : प्रकल्प नोंदी, दुसरा हंगाम

क्षेत्र : संगमेश्वर तालुक्याचा पूर्व भाग, घाटाखालच्या चार वाड्या आणि दोन देवराया. वाड्यांची नावे आणि ढोलींच्या जागा या वहीत लिहायच्या नाहीत, अक्षांश-रेखांशही नाहीत. ढोलींना, म्हणजे धनेश पक्षी झाडाच्या ज्या पोकळीत घरटे करतो तिला, फक्त क्रमांक. ढो-१ सातवीण, ढो-२ वड (देवराई), ढो-३ बेहडा, ढो-४ किंजळ, ढो-५ रायवळ आंबा. १, ३ आणि ५ महाधनेशाच्या, म्हणजे इथल्या भाषेत गरुडाच्या. २ आणि ४ ककणेराच्या, म्हणजे मलबारी कवड्या धनेशाच्या.

वर घाटमाथ्यावर चांदोली आणि कोयना मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे सीमा आहे, गेट आहे, पहारा आहे. खाली मात्र जवळजवळ सगळे जंगल मालकीचे. पाचांपैकी एकही ढोली वनखात्याच्या जमिनीवर नाही, म्हणून निम्मी वही झाडांची आणि निम्मी सातबाऱ्याची आहे.

६ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची ढोली-तपासणी. झाडावर चढायचे ते पिल्लू उडाल्यानंतर आणि डिसेंबर उजाडण्याआधी, एवढ्याच मुदतीत. महाधनेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. ढोलीला हात लावायची लेखी परवानगी सोबत असल्याशिवाय दोर टाकायचा नाही. चढाई दोन दोरांवर. ढोली असलेली फांदी किंवा खोडाचा पोकळ भाग अँकरला, म्हणजे दोर अडकवायला वापरायचा नाही, बाहेरून कितीही जाड दिसला तरी.

मोजायच्या गोष्टी चारच : तोंडाची उंची आणि रुंदी, उंबरठ्यापासून तळाची खोली, आतला व्यास, तळातली ओल. खोलीसाठी ओळंबा, आत बघायला वायरचा कॅमेरा.

ढो-३ : तोंड ३४ × १२ सें.मी., ठीक. तळ मात्र उंबरठ्यापासून ६१ सें.मी. खाली. गेल्या हंगामात मादी दोनदा आत डोकावून परत गेली होती, त्याचे कारण बहुधा हेच. झाड आतून कुजते तसा तळ बसत जातो. मादी अंडी घालायला आत बसते आणि ढोलीचे तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते. तिला बसल्या जागेवरून चोच त्या फटीपर्यंत पोचवता आली पाहिजे, कारण नराकडून घास तिथूनच घ्यायचा असतो आणि विष्ठाही तिथूनच बाहेर टाकायची असते. तळ खोल गेला की वरून शाबूत दिसणारी ढोली निकामी झालेली असते. थायलंडच्या खाओ याई जंगलात धनेश-अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांच्या गटाने नेमके हेच पाहिले आणि तळ भरून ढोली पुन्हा चालू केल्या. आपली पद्धत तिथूनच घेतली आहे.

ढो-१ : उलटा प्रकार. तळ चांगला, पण सालीचा ओठ दोन्ही बाजूंनी फुगून तोंडाची रुंदी ८ सें.मी. वर आली आहे.

ढो-५ : काही करायची गरज नाही. आत घोरपड होती, ती आपणहून गेली.

ढो-२ आणि ढो-४ बाहेरून पाहिल्या. ढो-४ मध्ये सातेरी मधमाश्यांचे पोळे आहे. काढायचे नाही, पोळे काढायला गेलेला माणूस धूर करतो आणि धुराने ढोली आतून काळी होते. वाट बघू.

१४ ऑक्टोबर

ढो-३ भरली. गेल्या वर्षी दुसऱ्या एका झाडात नुसता लाकडाचा भुसा भरला होता. तो पावसाळ्यात भिजून निम्म्यावर बसला आणि त्याला बुरशी आली. यंदाची रीत अशी : तळाशी सुपारीएवढे जांभ्याचे खडे, ८ ते १० सें.मी. थर, पाणी निथरायला. त्यावर त्याच झाडाखालचे सुके कुजके लाकूड आणि जांभ्याची माती निम्मेनिम्म, पाटीने वर ओढून. दर १० सें.मी. ला मुठीने दाबायचे, ठोकायचे नाही. सगळ्यात वर दोन बोटे सुका भुसा. एकूण सहा पाट्या लागल्या. तळ आता उंबरठ्याच्या १८ सें.मी. खाली.

सिमेंट वापरा असे दोघांनी सुचवले. नको. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये फट पडते, फटीत पाणी थांबते आणि कूज वाढते.

ढो-१ चा ओठ पटाशीने प्रत्येक बाजूने दीड ते दोन सें.मी. तासला, फक्त फुगलेली साल. आतल्या लाकडाला धार लागू दिली नाही. सातविणीचा चीक भरपूर वाहिला. जोडी ढोली बघायला डिसेंबरात येते, तोवर चीक सुकून कडा काळवंडली पाहिजे. म्हणून हे काम ऑक्टोबरातच उरकायचे. रंग, डांबर, मेण काही लावले नाही.

२ नोव्हेंबर

कागदाचे काम, म्हणजे ढोलीचे झाड तोडू नये म्हणून मालकांशी पैसे देऊन करार. ढो-५ चा आंबा सामाईक सातबाऱ्यावर आहे, सतरा हिस्सेदार. गावात तिघे, बाकी मुंबई-ठाण्यात. गावातले तिघे राजी आहेत, पण सही कुणी आधी करायची यावर अडले.

पैशापेक्षा भीती मोठी आहे. "गरूड ऱ्हातोय तर ऱ्हाऊं दे, पन कागुद नको." ही भीती हवेतली नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने बरीच मालकीची जंगले सरकारजमा झाली आणि त्याचे फेरफार आजही लोकांच्या कपाटात आहेत. नंतर पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राबद्दलच्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन अहवालांच्या वेळी याच वाड्यांत तीच चर्चा झाली. त्यामुळे आपला करारनामा जमिनीचा नाही, एका झाडाचा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहायचे. गट नंबर येतो, पण क्षेत्र येत नाही. "संरक्षित", "आरक्षित", "राखीव" हे शब्द मसुद्यातून काढले. त्याऐवजी "पाच वर्षे तोडणार नाही" एवढे साधे वाक्य.

१९६४ च्या झाडे तोडण्याच्या अधिनियमाची अनुसूची, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी, पाहिली तर आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा त्यात आहेत, बेहडा, वड आणि सातवीण नाहीत. ढो-२ चा वड निदान देवराईत आहे, म्हणजे ढो-१ आणि ढो-३ यांना आधार सगळ्यात कमी. करार आधी त्यांचे करायचे, आंब्याचा नंतर.

९ नोव्हेंबर

ढो-१ आणि ढो-३ चे करार झाले, ₹५०० च्या मुद्रांकावर. रक्कम ठरवायची रीत पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. इथे व्यापारी झाड उभ्यानेच उक्ते घेतो. एकट्या ढोलीच्या झाडाला तो फारसा भाव देत नाही, कारण पोकळ खोडाचे लाकूड कमी भरते. पण सगळा तुकडा तोडायला घेतला की ते झाडही त्यात जाते. म्हणून झाडाचा भाव नव्हे, तर "तुकडा तोडताना हे झाड आणि त्याभोवतीची वीस पावले सोडली तर तुकड्याची किंमत किती उतरते" तो भाव विचारायचा. तो खरा आकडा.

पैसे दोन हप्त्यांत, नोव्हेंबर आणि जून. जूनचा हप्ता झाड उभे आहे का यावर, पिल्लू उडाले का यावर नाही. पिल्लावर पैसे लावले की मालक रोज ढोलीखाली जाऊन बघतो, आणि रोजच्या वर्दळीनेच जोडी ढोली सोडते.

२३ नोव्हेंबर

ढो-२ च्या देवराईबद्दल गावकीची बैठक. देवळाच्या नव्या छपराला वासे देवराईतून घ्यायचे असा विषय होता. मानकऱ्यांनी कौल लावला, उजवा, म्हणजे देवाचा होकार, मिळाला नाही, विषय तहकूब. आपण लाकडाऐवजी छपराच्या लोखंडी कैच्यांचा अंदाजखर्च देऊन ठेवला आहे. कौल पुन्हा लागेल, तेव्हा तो कागद हातात असावा.

३ डिसेंबर

फळांची मासिक फेरी सुरू. दोन वाटा, प्रत्येकी २ कि.मी., महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत. प्रत्येक जातीची दहा झाडे खुणावलेली. कच्ची आणि पिकी फळे वेगळी, ० ते ४ गुण. दुर्बिणीने झाडाचा माथा चार भागांत बघायचा. खालून नुसते बघून गुण दिले तर वडाला नेहमी कमी पडतात.

जाती : वड, उंबर, नांदरुक, काकड, पारजांभूळ, जांभूळ, येरंडी (मोठे झाड, एरंड नव्हे), भेरलीमाड, आणि ककणेरासाठी काजरा. काजऱ्याची बी माणसाला विष, ककणेर फळ खुशाल खातो.

बाकी झाडे आपापल्या ऋतूत फळतात. वड-उंबर वर्गातली झाडे मात्र एकेकटी, कधीही. दहा वडांपैकी एखादा तरी पिकलेला सापडतो, आणि मादी आत कोंडलेली असताना नराला तोच सापडावा लागतो. म्हणून ढोली वाचवून भागत नाही, तीन-चार कि.मी. च्या आतले वड मोजावे लागतात. यंदाच्या फेरीत खुणावलेल्या वडांपैकी दोन नाहीत. दोन्ही कलमांच्या बागेलगतचे. एक आंब्यावर रुजला होता, "आंबा खातोय" म्हणून मालकाने मुळे तोडली. तक्रारीत तथ्य आहे, आंबा खरेच मरतो. अशा ठिकाणी भांडायचे नाही, बांधावर वडाची फांदी लावून देतो म्हणायचे.

१८ डिसेंबर

ढो-३ वर जोडी आली. नराने ढोलीत तीनदा चोच घातली, मादीने एकदा. ढो-४ चे पोळे उठून गेले.

११ जानेवारी

बेहड्याची फळे वेचणी. धनेशाला बेहडा हवा तो ढोलीसाठी, माणसाला फळासाठी, त्यामुळे दोघांचे भांडण नाही. याच पट्ट्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्राची (रानातला माल जपून वेचल्याची खूण) साखळी उभी केली आहे आणि उभ्या झाडाला दरवर्षी पैसा मिळतो हे लोकांनी पाहिले आहे. आपल्या करारापेक्षा ते उदाहरण जास्त बोलते.

वेचणीचे नियम : पडलेलीच फळे, फांदी हलवायची नाही, सगळी उचलायची नाहीत. ओली फळे पोत्यात भरली की दोन दिवसांत बुरशी येते आणि माल परत येतो. तीन-चार दिवस कातळावर पसरून, रोज उलटून, दोन फळे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजली की भरायची. ढो-३ खालची वेचणी ३१ जानेवारीला बंद.

२२ ते २६ जानेवारी

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. ढो-३ आणि ढो-५ च्या वरच्या अंगाला, ४ मीटर रुंद. गवत कोयत्याने कापून मध्ये ओढायचे, पहाटे दव असताना जाळायचे, नऊ वाजता आग पूर्ण विझलेली पाहिजे. माणसे सहा : दोन पेटवायला, तीन ओल्या डहाळ्या घेऊन कडेला, एक पाठीवरच्या पाण्याच्या पंपासह मागे. दुपारनंतर वारा दरीतून वर चढतो, तेव्हा काडी ओढायची नाही.

प्रत्येक ढोलीच्या झाडाभोवती ५ मीटरचे रिंगण पाल्यापाचोळ्यासकट झाडून घेतले. पोकळ झाडाच्या बुंध्याला छोटे भोक असले तर आग आत शिरते, वरच्या ढोलीतून धुराड्यासारखी ओढली जाते आणि झाड आतून जळते. बाहेरची साल शाबूत दिसते. ढो-४ च्या बुंध्याला असे भोक आहे, तळहाताएवढे. ते जांभ्याचे दगड आणि माती लिंपून बंद केले, वरून पाणी आत जाणार नाही असा उतार ठेवून.

४ फेब्रुवारी

ढो-३ : मादी आत. सकाळी ७.१० ते १०.४० लिंपण चालू. निरीक्षण ६० मीटरवरून, झापांच्या आडोशातून. मादी चोचीची बाजू थापीसारखी वापरते, टोक नाही. स्वतःची विष्ठा आणि फळाचा चोथा कडेवर घेते, चोच आडवी धरून भरभर थापटते, थांबते, पुन्हा थापटते. खालून वर येत अकरापर्यंत तोंड निम्मे भरले होते. नर जवळच्या फांदीवर, मध्ये दोनदा उंबरे देऊन गेला. घशातून एकेक फळ काढून चोचीच्या टोकावर आणतो.

७ फेब्रुवारी

ढो-३ बंद झाली. फट सुमारे ३ सें.मी. ढो-५ सुद्धा बंद, दिवस नक्की सापडला नाही. ढो-१ वर जोडी फिरकली नाही. ओठ तासण्यात चूक झाली की पलीकडे झालेल्या झाडतोडीमुळे, एका हंगामावरून ठरवता येणार नाही.

१६ फेब्रुवारी

जाळरेषा पाहिली तर पुन्हा पाचोळ्याने भरलेली. ऐन-किंजळाची पानगळ आता सुरू आहे आणि मार्चभर चालेल. जानेवारीत रेषा काढून मोकळे झाले की ती रेषा फक्त कागदावर उरते. दर १५ दिवसांनी झाडायची, मजुरी अंदाजपत्रकात धरायची. यंदा धरली नव्हती.

१ मार्च

पलीकडच्या काजूच्या बागेतला कचरा पेटवला, तिथून वणवा आला. ढो-५ च्या रेषेवर थांबला. ढो-४ च्या बाजूला रेषा नव्हती, आग झाडाखालून गेली. लिंपलेले भोक टिकले, साल कमरेपर्यंत काळी. ककणेराची मादी अजून आत गेलेली नव्हती.

१२ मार्च

शिमग्याला चाकरमानी आले. ढो-५ चे सतरापैकी चौदा हिस्सेदार एका अंगणात सापडले, सह्या झाल्या. उरलेले तिघे गणपतीत. ही कामे शिमगा आणि गणपती धरूनच आखायची, एरवी सतरा दारे फिरावी लागतात. एक बाई म्हणाल्या की पैसे वाटून प्रत्येकाला चहाएवढे येतील, त्यापेक्षा आंब्याखालची पाणंद बांधून द्या. सगळ्यांना पटले. करारात तसे लिहिले.

याच गर्दीत फोटो काढणाऱ्यांची गाडी येऊन गेली. नियम पुन्हा सांगितले : ६० मीटरच्या आत कुणी नाही, ड्रोन नाही, आवाज वाजवणे नाही, फोटो टाकला तर गावाचे नाव नाही आणि ठिकाणाची खूण बंद. घरट्याजवळ माणूस उभा असला की नर घास घशात घेऊनच लांबच्या झाडावर बसून राहतो. तासभर बसला तर एक खेप बुडाली. अशा दोन खेपा वहीत आहेत.

२ एप्रिल

ढो-३ खाली बियांची जाळी. १ × १ मीटर मच्छरदाणीचे कापड, चार बांबूंवर गुडघाभर उंच. जमिनीवर ठेवली तर उंदीर आणि साळिंदर रात्रीत सगळे नेतात. दर सोमवारी, नर येऊन गेल्यावर लगेच, पाच मिनिटांत उचलायची. आज काकड, पारजांभूळ, येरंडी, भेरलीमाड, आणि मूठभर शेणासारख्या गोळ्यात वडा-उंबराचे बारीक बी. एक सरड्याची शेपटीही.

या बिया रोपवाटिकेत जातात. चुका कुठे होतात ते लिहितो :

येरंडी आणि जांभळाची बी सुकली की मेली. कागदाच्या पाकिटात घालून आठवडाभर ठेवायची नाही, त्याच दिवशी ओल्या वाळूत. भेरलीमाडाच्या फळाच्या गराने हाताला भयंकर खाज येते, रबरी मोजे घालूनच धुवायचे. बी रुजायला महिने लागतात, "वाया गेली" म्हणून पिशव्या ओतून टाकू नयेत. गेल्या वर्षी ओतल्या होत्या. काकडीची नव्हे, काकडाची आठळी कठीण, तीही वेळ घेते. (मजुराला फोनवर "काकड पेर" सांगितले तर काय पेरले गेले, त्याची नोंद वेगळी नको.)

वडा-उंबराचे बी मातीखाली गाडले की उगवत नाही, त्याला उजेड लागतो. पसरट कुंडीत विटांचा चुरा, त्यावर बी नुसते शिंपडायचे, वर काच. पाणी झारीने नाही, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून. झारीने बी एका कडेला वाहून जाते आणि दाट उगवून मर रोगाने कोलमडते. परात असली म्हणजे मुंग्याही येत नाहीत.

२७ एप्रिल

ढो-३ : मादी बाहेर. नव्या पिसांची, उड्डाण जरा जड. दुपारपर्यंत पिल्लाने आतून लिंपण पुन्हा सुरू केले. आता दोघेही घास आणतात. ककणेराचे तसे नाही, त्याची मादी पिल्ले उडेपर्यंत आतच असते. म्हणून ढो-२ आणि ढो-४ वर मेअखेर फक्त नर दिसला तर घाबरायचे कारण नाही.

१४ मे

वळवाचा पाऊस, वाऱ्यासह. ढो-१ ची सातवीण ढोलीच्याच पातळीवर मोडली. मोडलेला भाग आतून स्पंजासारखा. ओठ तासल्याने मोडली नाही, कूज दीड मीटर खाली सुरू झालेली होती आणि ऑक्टोबरात कॅमेरा तळापर्यंतच गेला, तळाखाली काय आहे ते पाहिलेच नव्हते. पुढच्या तपासणीत खोडावर लाकडी हातोडीने दर ३० सें.मी. ला ठोकून आवाज ऐकायचा. कराराचा जूनचा हप्ता मालकाला द्यायचा. झाड वाऱ्याने पडले, त्याने तोडले नाही.

३१ मे

ढो-३ चे पिल्लू सकाळी ८.२० ला बाहेर. आधी पंखांचा आवाज, मग समोरच्या ऐनावर वेडेवाकडे बसणे. लिंपणाचे तुकडे गोळा केले : आत बियाच बिया, विटेसारखे कडक. ढो-५ चे पिल्लू त्याआधी तीन दिवस.

१९ जून

लागवड. चांगले दोन-तीन पाऊस होऊन खड्ड्यातली माती खोलवर भिजल्यावर, त्याआधी नाही. खड्डे मेमध्येच २ × २ × २ फूट. कातळावर तेवढे खोदता येत नाही, तिथे लागवड करूच नये, सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा, निसर्ग वेगळा आहे. रोपे दोन पावसाळे पाहिलेली, ८ × १२ इंची पिशवीतली. मुळे पिशवीच्या तळाशी गोल फिरली असतील तर तेवढा भाग छाटायचा. तसेच लावले तर रोप दोन वर्षे जगते आणि तिसऱ्या वर्षी आडवे होते.

बांधांवर वडाच्या फांद्या : अडीच मीटर लांब, मनगटाएवढ्या जाड, खालचा काप तिरका, वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा. दोन फूट जमिनीत. उलटी लावू नये म्हणून तोडतानाच वरच्या टोकाला चुन्याची खूण.

२४ ऑगस्ट

रोपांची पाहणी. मेली त्यातली बहुतेक पाण्यानेच : खड्डा भरताना माती जमिनीच्या पातळीला ठेवली, ती बसली, त्यात डबके झाले. भर चार बोटे उंच ठेवायला हवी होती. उरलेले नुकसान भात कापल्यावर होईल, गुरे उनाड सुटतात तेव्हा. करवंदीच्या काट्यांचे कुंपण दिवाळीआधी.

ढो-१ च्या जागी घरट्यासाठी कृत्रिम पेटी बसवायची का, यावर दोन मते. फायबरची पेटी टिकते पण उन्हात तापते. लाकडाची थंड राहते पण इथल्या पावसात लवकर कुजते. मधला मार्ग : बाहेर फायबर, आत फणसाच्या फळ्या, दोन्हींत बोटभर हवा. आत ४५ × ४५ सें.मी., उंची १ मीटर, तोंड ३० × १२, तळाला चार छिद्रे. एकच करून बघू, आणि ती सातविणीच्या जवळच्या आंब्यावर. त्या मालकाशी अजून बोलणे नाही.

५ ऑक्टोबर

ढो-३ वर चढलो. भर ७ सें.मी. बसली, वरचा थर कोरडा, खडे निथरत आहेत. तळ आता उंबरठ्याच्या २५ सें.मी. खाली. दीड पाटी पुरेल. हातोडीचा आवाज ढोलीखाली दोन मीटरपर्यंत भरीव, त्याखाली उत्तरेच्या अंगाला एक जागा पोकळ वाजते. खडूने खूण केली.